अप्पांची लाल गाडी

अप्पा कुणालाच ‘आत ये’ म्हणायचे नाहीत. धंदा व्हिडिओ गेमच्या दुकानाचा, गिऱ्हाईक दारात उभं, आणि हे स्टुलावरून मान वर करून म्हणणार, “आलास का? दारापाशी जागा हाय बघ.” आत पंख्याखालची खुर्ची रिकामी असली तरी दारापाशीच. नवं पोरगं बुचकळ्यात पडायचं, की आत जायचं का नाही? मग जुनं कुणीतरी ओरडायचं, “जा रे, खुर्ची बघून बस. ते कधीच म्हणत नसतेत.”

मी आता मस्कतला गाड्यांना रंग मारतो. शेडमधला कॉम्प्रेसर सुरू झाला की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं आणि माझी नजर दाराकडे जाते. मोकळं आहे ना? मध्ये डबे-बिबे नाहीत ना? नवीन खोली घेतली की आधी दार बघतो, मग संडास, मग भाडं विचारतो. सोबतचे लोक हसतात. ही सवय काही माझ्या घरची नाही. ती शिवलिंगअप्पांची. एवढ्या लांब येताना बाकी सामान थोडंच होतं, पण ही सोबत आली.

दहावी झाल्यावर मला देगलूरहून लातूरला क्लासला टाकलं होतं. त्या काळात आमच्याकडे ज्याचं पोरगं जरा बरं, त्याने लातूर गाठायचं अशी रीतच पडली होती. क्लासच्या गल्लीत सकाळी पाचपासून सायकली. भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्कं. भूकंपानंतर ज्यांनी वर्षभर अंगणात बाजा टाकून रात्री काढल्या होत्या, स्लॅबखाली पाऊल टाकायला जे तयार नव्हते, त्याच लोकांनी पुढे घरावर मजले चढवले, कारण प्रत्येक खोलीला पोरं मिळत होती. भीती जाते. निदान भाडं आलं की जाते. अप्पांची गेली नव्हती. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मधोमध त्यांचं पत्र्याचं दुकान, दोन दांडगट माणसांत अंग चोरून बसलेल्या म्हातारीसारखं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की रिमोट हातातून निसटायचा घामाने. अप्पा पत्र्यावर कडबा टाकायचे आणि त्यावर पाणी मारायचे. “स्लॅब टाका की अप्पा, आमी काय भाकऱ्या हाव का भाजायला?” असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, “पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर फोटोला हार लागतोय. कंचं पायजे?”

माणूस उंच, वाकलेला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि खाली खाकी पँट. ती पँट एसटीची. अप्पा पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते हे सगळ्यांना माहीत होतं. नोकरी त्यांनी भूकंपाच्या साली सोडली हेही माहीत होतं. का सोडली ते कुणी विचारत नसे. पण सोडल्यापासून त्यांनी कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. साधी लुना चालवायचे नाहीत. बाजाराला पायी, बसस्टँडला पायी, कधी गावी जायचं झालं तर एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, डोळे रस्त्यावर.

दुकानातले नियम तीन होते. दाराला कडी लावायची नाही, पाऊस आत येत असला तरी. चपला काढायच्या नाहीत. सगळ्या गल्लीत चपला बाहेर काढून आत जायची पद्धत, इथे उलटं. पहिल्याच दिवशी मी चपला काढायला वाकलो तर अप्पा खेकसले, “पायातच ऱ्हाऊ दे. अनवाणी पळाय लागलं तर काचा रुतत्यात.” कुठं पळायचंय, कसल्या काचा, मला काही कळलं नाही. आणि तिसरा नियम तांब्याचा. मोठ्या टीव्हीच्या डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी तांब्या कायम ठेवलेला असायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. तांब्यातलं पाणी हललेलं दिसलं आणि अप्पा “भाईर” म्हणाले, की हातात असेल ते टाकून रस्त्यावर. त्याची रंगीत तालीमसुद्धा व्हायची. पोरं खेळ रंगात आलेला असताना शिव्या देत बाहेर यायची आणि अप्पा प्रत्येकाच्या डोक्यावर पंजा ठेवत माणसं मोजायचे, जसं गाडी सुटण्याआधी मोजतात. मोजून झालं की, “हां, भरली. चला.”

“अप्पा, विजेचा टीव्ही हाय, त्याच्यावर पाणी ठेवतेत का कुणी?” मी एकदा भीतभीत म्हटलं.

“विजेनं एक मरंल,” अप्पा म्हणाले. “तू बस.”

दुकानात खेळ पुष्कळ होते, पण चालायचा एकच. कुठल्यातरी परदेशी शहरातल्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत. जिंकलं की गाडीला नवं इंजिन, मोठा सायलेन्सर, मागे पंख, खालून निळा उजेड. जसजसं पुढे जावं तसतसे आडवे येणारे गडी जास्त खतरनाक. पोरांनी त्या गड्यांना क्लासमधल्या सरांची नावं दिली होती. केमिस्ट्रीवाला कट मारायचा, मॅथ्सवाला कधी चुकायचा नाही, आणि फिजिक्सवाल्याला तर एक जण सोडला तर जन्मात कुणी मागे टाकलं नव्हतं. रविवारी सकाळी टेस्ट, दुपारी बोर्डावर रँक, आणि रँक बघून झालं की सगळी फौज अप्पांकडे. तिथे जरा तरी कुणाच्या पुढे जाता यायचं.

मला शर्यतीत रस नव्हता. वळण आलं की मी डोळे मिटायचो. मी गॅरेजच्या पानावरच बसायचो. गाडीचा रंग बदल, दारावर पट्टा ओढ, बॉनेटवर ज्वाला काढ, पुसून परत काढ. तास संपायचा आणि माझी गाडी गॅरेजमधून बाहेरच आलेली नसायची. हळूहळू पोरं आपापल्या गाड्या माझ्याकडून रंगवून घ्यायला लागली. अप्पा मागे उभं राहून बघायचे. एकदा म्हणाले, “माजी एक गाडी रंगवतो का?”

“कसली रंगवू?”

“लाल. मधी पिवळा पट्टा.”

पोरं हसून हसून लोळली. परदेशी रेसची गाडी, जमिनीला घासणारी, आणि तिला एसटीचा रंग! मी मन लावून रंगवली. लाल नुसता लाल नाही ठेवला, जरा उन्हात विटलेला ठेवला. अप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हां. डेपोची वाटती.” माझ्या क्लासच्या वर्षभरात मला मिळालेलं ते एवढं एकच प्रमाणपत्र.

ती गाडी अप्पा रोज सकाळी चालवायचे. दुकान उघडलं, झाडलोट झाली, तांब्या भरला, की स्टिअरिंग आणि पायाखालचे पॅडल असलेला तो एक सेट होता, त्यावर बसायचे. “मशीन गरम करतो,” म्हणायचे. प्लॅस्टिकच्या त्या स्टिअरिंगला त्यांची हरकत नव्हती. “ह्याला वजन न्हाई. वजन न्हाई म्हणून धरतोय.” मी पहिली बॅच बुडवून तिथे जायचो त्या दिवसांत, म्हणून मला दिसायचं. शर्यत वगैरे काही नाही. रिकाम्या शहरात अप्पांची लाल गाडी डाव्या बाजूने निवांत चालायची, तो देश उजव्या बाजूने चालवणाऱ्यांचा, त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक जण आदळायला बघायचा, आणि अप्पा त्याला तोंडभर शिव्या देत बाजूला व्हायचे. फिरत फिरत एका विटांच्या घरासमोर थांबायचे. दोनदा हॉर्न वाजवायचे. आणि वाट बघायचे.

“कुणाची वाट बघताय?”

“मास्तर यायचाय.”

कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मला हसू आलं. “मग निघा की आता.”

“घंटी कुठाय ह्या गाडीला? दोन घंट्या पडल्याबिगर गाडी हलवायची नसती.” आणि गाडी तशीच तिथे उभी ठेवून अप्पा मशीन बंद करायचे. रोज. मला ती म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटायची.

आता अभिजितचं सांगतो. अभिजित हदगावचा, बारावीला, बापाचं कापसाचं जिनिंग. दहावीला मार्कं चांगली पडली म्हणून बापाने मोटारसायकल घेऊन दिलेली. वर्गात पहिल्या पाचात, आणि अप्पांच्या दुकानात पहिला. फिजिक्सवाल्याला मागे टाकणारा तो एकटाच. त्याचा जोडीदार म्हणा, वैरी म्हणा, नईम. लातूरचाच, भावाच्या गॅरेजमध्ये हात काळे करून क्लासला येणारा. नईम टीव्हीवर हरायचा, पण खरी गाडी त्याच्या मांडीखाली मांजरासारखी बसायची. एका दुपारी लागोपाठ हरल्यावर नईम रिमोट टाकून उठला.

“टीवी पे तो कोई भी भगाता बे. हिंमत हाय तर रोडवर ये. रिंग रोड. इतवार शाम को.”

“तुझ्या भावाची भंगार गाडी घिऊन येतो का?” अभिजित म्हणाला. “येतो मी. आत्ताच सांगून राहिलो, पेट्रोल भरून ठेव.”

मग एकदम गलका. कोण कुणाच्या बाजूने, वळण कुठे, पुलावरून की पुलाखालून. रिंग रोडवर तेव्हा उसाच्या ट्रॉल्या चालायच्या, दिवे नसलेल्या. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीतला एक पोरगा तिथे ट्रॉलीखाली गेलेला. त्याच्या खोलीच्या दाराला महिनाभर कुलूप होतं, मग नवीन पोरगा आला. हे सगळ्यांना माहीत होतं.

अप्पा स्टुलावरून उठले नाहीत. पोरं निवल्यावर म्हणाले, “अभ्या, नगं.”

“काय नगं?”

“रोडवर नगं. हितं काय पायजे ते कर. टीव्ही फोड. रोडवर नगं.”

त्यानंतर आठवडाभर अप्पा त्याच्या मागे लागले. क्लास सुटला की गल्लीच्या तोंडाशी उभे. त्याच्या घरमालकाकडे जाऊन आले. हदगावला फोन लावला, तर जिनिंगवर कुणी उचलेना, सीझन चालू. नईमला धरलं तर तो म्हणाला, “अप्पा, वो बोला तो मैं पीछे नहीं हटता.” शनिवारी अभिजित वैतागला आणि सगळ्यांदेखत बोलला, “अप्पा, तुमचं काय चालू हाय? तुम्ही सोता सायकलला हात लावायला भिऊन राहिले आणि आम्हाला गाडी शिकवता?”

मी दारापाशी होतो. मला वाटलं आता अप्पा त्याच्या कानाखाली देतात. त्यांनी नुसतं तांब्याकडे बघितलं. मग म्हणाले, “माज्यासंगं लाव.”

“काय?”

“शर्यत. हितं, टीव्हीवर. उद्या दुपारी. तू हरला तर गाडीची किल्ली माज्याकडं, बोर्डाचा शेवटचा पेपर होईस्तोवर. मी हरलो तर परत तोंडातून शबूद काढणार न्हाई. जा म्हणीन.”

अभिजित हसला. सगळेच हसले. फिजिक्सवाल्याला हरवणारा पोरगा आणि डाव्या बाजूने गाडी चालवणारे अप्पा! “मंजूर,” तो म्हणाला. “पण नंतर रडू नका.”

त्या रविवारी टेस्टचं रँक बघायला कुणी थांबलं नाही. दुकान खच्चून भरलेलं. एकाच पडद्याचे दोन भाग केले होते, वरच्या अर्ध्यात अप्पांची लाल गाडी, खालच्या अर्ध्यात अभिजितची काळी. दोन्ही मीच रंगवलेल्या. अप्पांनी स्टिअरिंगला हात जोडले, मग धरलं. बोटं पांढरी पडलेली. त्यांच्या मानेवरून घामाचा थेंब सदऱ्यात उतरताना मी बघितला. अभिजितच्या खिशातून किल्लीचं कडं बाहेर लोंबत होतं आणि नईम ते किल्लीचं कडंच बघत होता.

पहिल्या फेरीत अभिजित दिसेनासा झाला. अप्पांची गाडी आपली चाललेली, वळणाआधी ब्रेक, वळणावर हॉर्न. पोरं ओरडत होती, “अप्पा, तिकीट फाडून घेता का वाटंत?” पण हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. त्या खेळात सगळे जण आदळत आदळतच पळतात. भिंतीला घासलं की वेग जातो, टॅक्सीला धडकलं की गाडी गरकन फिरते, पण पुन्हा उचलून पळता येतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. अप्पा मनावर घेत होते. त्यांची गाडी कशालाच लागली नाही. एका खांबालाही नाही. दुसऱ्या फेरीत अभिजित एका टॅक्सीला ठोकून उलटा झाला आणि लाल गाडी हॉर्न देत शिस्तीत त्याच्या बाजूने निघून गेली.

शेवटची फेरी. अभिजित दात आवळून मागे. पडद्यावर पूल आला, पुलानंतर लांब सरळ रस्ता, त्याच्या टोकाला रेघ. अप्पा पुढे होते. पुष्कळ पुढे. मी बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, ते मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होते. “चल, चल, आलं लातूर, आलं.”

आणि तांब्यातलं पाणी हललं.

आधी बारीक वळं उठली. मग काठावरून एक ओघळ टीव्हीच्या काचेवर उतरला, लाल गाडीवरून खाली. मागची भिंत धडधडली. पत्रा वाजला. अप्पांनी स्टिअरिंग सोडलं. “भाईर! समदे भाईर!”

तालमीचा उपयोग तेव्हा कळला. एक पोरगं धडपडलं नाही. चपला पायात, दार उघडं, आम्ही सगळे रस्त्यावर. अप्पा डोक्यांवर पंजे ठेवत मोजत होते, भराभर, ओठ हलत होते. मोजून थांबले. परत मोजलं.

“अभ्या कुठाय?”

अभिजित आतच होता. त्याने नंतर सांगितलं, त्याला ऐकू आलं होतं. पण त्याने बघितलं की लाल गाडी थांबली आणि रेघ समोर आहे.

अप्पा आत पळाले. जो माणूस कुणाला आत ये म्हणायचा नाही, पाणी हललेलं असताना तो माणूस आत गेला. मी दारातून बघितलं. अभिजित रिमोट धरून खुर्चीत, आणि अप्पा त्याच्यावर वाकलेले. एक हात भिंतीला, एक टीव्हीच्या कडेला, पाठीची कमान केलेली. स्वतःचंच छप्पर करून उभे होते. धक्क्याने तांब्या कलंडला आणि सगळं पाणी अभिजितच्या डोक्यावर सांडलं. अप्पांचे डोळे मिटलेले. तोंडाने चालू होतं, “ऊठ माधव. माधव, ऊठ रं, भाईर चल. मास्तर, गाडी लावलीय, भाईर चल.”

पडद्याच्या खालच्या अर्ध्यात काळी गाडी रेघेपलीकडे उभी होती आणि तिच्यावर जिंकल्याची अक्षरं चमकत होती. वरच्या अर्ध्यात लाल गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “ओ अप्पा! जरा भिंतीला टेकली बगा गाडी. शेजारच्या टाकीत पाणी टाकायला आलतो.”

पाण्याचा टँकर. मागे घेताना अप्पांच्या भिंतीला लागला होता. एवढंच.

कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पा हळूहळू सरळ झाले. त्यांनी अभिजितच्या केसांतलं पाणी आपल्या सदऱ्याने पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात. मग पडद्याकडे बघितलं. “तू जिंकलास,” ते म्हणाले. “जा. मी काई म्हणणार न्हाई.”

आणि खरंच काही न म्हणता ते बाहेर येऊन पायरीवर बसले. आम्ही भोवती उभे. कुणी विचारलं नव्हतं, तरी ते बोलले, रस्त्याकडे बघत. मुक्कामाची गाडी होती. रात्री खेड्यात थांबायची, पहाटे परत फिरायची. ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही गाडीच्या टपावर निजायचे. भूकंपाच्या त्या रात्री माधव मास्तरला ताप होता. “मीच म्हणलं, टपावर गार लागंल. त्या समोरच्या घरात जा. चांगलं दगडामातीचं घर हाय, उबारा हाय. आत जा, आत निज. त्यो न्हाई म्हणत हुता. मीच म्हणलं.” त्यांनी सदऱ्याचं ओलं टोक पिळलं. “पहाटं घर न्हवतं. मी दोनदा हॉर्न वाजवला. मला सुधरंना, दुसरं काय करावं. रोज दोनदा वाजवला की यायचा त्यो.” मग त्या दिवशी त्यांनी गाडी भरभरून जखमी माणसं लातूरला आणली, संध्याकाळपर्यंत फेऱ्या केल्या. गाडी डेपोत लावली आणि परत चढले नाहीत.

अभिजित ओल्या डोक्याने दारात उभा होता. संध्याकाळ व्हायला आली होती. नईमची गाडी कोपऱ्यावर उभी होती. अभिजितने खाली पडलेला तांब्या उचलला, पोचा पडला होता, तो माठावर नेऊन भरला. खिशातून किल्ली काढली, कड्यासकट तांब्यात टाकली आणि तांब्या टीव्हीवर जागेवर ठेवला.

“मग मैं किसके साथ लगाऊं?” नईम म्हणाला. “अकेलाच भागूं क्या?”

“फिजिक्सवाल्याशी लाव,” अभिजित म्हणाला. “त्याला हरवून दाखव आधी.”

अप्पा उठून आत आले. तांब्यात डोकावले. तळाशी किल्ली दिसत होती. “बरं झालं,” म्हणाले. “आता हललं तर वाजंल बी.”

किल्ली शेवटच्या पेपरापर्यंत पाण्यातच राहिली, गंजली. अभिजितने ती तशीच नेली. तो आज मोठा डॉक्टर आहे, नांदेडला. गाडी हळू चालवतो म्हणतात.

माझं उरलं. क्लासवाल्यांनी घरी कळवलं की पोरगा येत नाही, आणि माझे वडील देगलूरहून आले. शाळामास्तर माणूस. शोधत शोधत अप्पांच्या दारात. मी गॅरेजच्या पानावर एका गाडीचं दार रंगवत होतो. मला वाटलं, जमीन खरोखरच हलावी.

“बसा गुरुजी, दारापाशी,” अप्पा म्हणाले.

“आत या म्हणायची पद्धत नाही का तुमच्याकडे?”

“न्हाई गुरुजी.”

वडील उभेच राहिले. “याला डॉक्टर करायला पाठवलं होतं आम्ही. हा इथं खेळतोय.”

“खेळत न्हाई. खेळतंय ते अभ्या. हे रंगवतंय. वर्सात एकदा बी गाडी पळवली न्हाई ह्यानं, इचारा.” मग अप्पा आवाज खाली आणून म्हणाले, “रातचं जेवत न्हाई त्यो. रँक लागलं की दोन दोन दिस बोलत न्हाई. मी माणसं मोजतो गुरुजी, मला दिसतंय. पोरगं हाताशी हाय तवर घिऊन जावा. डाक्टर न्हाई झालं तर न्हाई. पोरगं ऱ्हाईल.”

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी नीट बघितलं. मग त्यांनी अप्पांना विचारलं, “रंगवून पोट भरतं का?”

“नांदेडला माज्या वळखीचा एक पेंटर हाय. डेपोत गाड्या रंगवायचा, आता सोताचं गॅरेज हाय. चिठ्ठी नगं, माजं नाव सांगा.”

अशी माझी शाळा सुटली. अकरावी नापासाचा शिक्काही लागला नाही, कारण परीक्षेलाच बसलो नाही. नांदेडच्या गॅरेजमध्ये पोच्यांत लांबी भरायला शिकलो, घासायला शिकलो, मग रंगाची बंदूक हातात आली. आणि तिथून हे मस्कत.

इकडे यायच्या आधी मी लातूरला गेलो होतो. सकाळची वेळ. गल्ली तीच, भिंतीवरचे फोटो नवे. पोरांच्या हातात मोबाइल आलेले, अप्पांच्या दुकानात कुणी नव्हतं. दार उघडं. अप्पा जास्त वाकलेले, खाकी पँट कंबरेला दोरीने बांधलेली. स्टिअरिंगवर बसून मशीन गरम करत होते. पडद्यावर लाल गाडी, विटांच्या घरासमोर उभी. माझ्याच हाताने विटवलेला लाल. एवढ्या वर्षांत त्यांनी रंग बदलला नव्हता.

त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. वाट बघत बसले. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

मला ‘निघतो’ म्हणायचं होतं. घर सुटणार, देश सुटणार, विमानात कधी बसलो नव्हतो. मी आत गेलो. टीव्हीवर तांब्या होता, पोचा पडलेला, काठोकाठ भरलेला. त्या तांब्याला मी कधी हात लावला नव्हता. मी नखाने त्याच्यावर दोनदा टिचकी मारली.

टण टण.

पाणी हललं. वळं काठापर्यंत गेली. अप्पांनी मान वर करून त्या पाण्याकडे बघितलं. ते उठले नाहीत, ‘भाईर’ म्हणाले नाहीत. पाणी शांत होईपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी आरशात बघावं तसं जरा उजवीकडे बघितलं, गिअर टाकला, आणि लाल गाडी त्या घरासमोरून निघाली.